पैसे चौथ्या प्रकरणाचे

गणिताचं एक महागडं पुस्तक घ्यावं की घेऊ नये, यावर मी बरेच दिवस घोळ घालते आहे, आणि आमच्या घरात हा प्रश्न माझ्याशिवाय कुणालाच पडलेला नाही. नवरा म्हणतो, "हवंय ना? मग घे. नकोय? मग विषय सोड." त्याच्या दृष्टीने बाब एवढीच. लेकीचा प्रश्न मात्र अडचणीचा होता. "आई, परीक्षा कधी आहे तुझी?" परीक्षा नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की परीक्षेविना गणित करणारी माणसं तिच्या शाळेत वेगळ्या बाकावर बसवत असावेत.

पुस्तक आहे युर्गेन नॉयकिर्श यांचं 'अल्जेब्राइक नंबर थिअरी', म्हणजे बैजिक संख्यासिद्धांत. मूळ जर्मन १९९२चं, नॉर्बर्ट शापाखर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९९चा. तो छापून यायच्या आधी, १९९७ सालीच, नॉयकिर्श गेले. स्प्रिंगरच्या 'ग्रुंडलेरेन' या जुन्या मालेतला हा ३२२वा खंड, जाड पुठ्ठ्याचा, पावणेसहाशे पानांचा. मी पाहत होते तेव्हा त्याची किंमत दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे झुलत होती. सकाळी एक, रात्री दुसरी. युरो हलला की तीही हलायची.

मी मुंबई विद्यापीठात, कलिनाला, एमएस्सी केलं आणि पोटापाण्यासाठी बँकेच्या रिस्क विभागात गेले. बीकेसीतल्या काचेच्या इमारतीत दिवसभर आकडेच असतात, पण त्यांना गणित म्हणायला माझी जीभ वळत नाही. एमएस्सीला नंबर थिअरी शिकवणारे सर शेवटच्या तासाला म्हणाले होते, "क्लास फील्ड थिअरी राहिली. ती पुढे कधी तरी वाचा." हा संख्यासिद्धांताचा वरच्या पायरीवरचा भाग. वर्गातल्या बहुतेकांनी सरांचं बोलणं निरोपाचं वाक्य समजून सोडून दिलं. माझ्या डोक्यात ते उधारीसारखं राहिलं.

आता किंमतीचं. दहा हजार रुपये म्हटल्यावर पहिला विचार येतो तो लुटीचा, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण या पुस्तकांचा हिशेब कधीच सरळ नव्हता. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'चा पहिला खंड १९१० साली निघाला. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने आधीच अंदाज बांधला होता, की या प्रकल्पात ६०० पौंडांचा तोटा होईल. त्यातले ३०० प्रेसने सोसले, २०० रॉयल सोसायटीने दिले, आणि उरलेले १०० दोन्ही लेखकांनी निम्मे निम्मे खिशातून भरले. दहा वर्षं राबून माणशी उणे पन्नास पौंड मिळवले, असं रसेल नंतर गमतीने सांगायचे.

अशा पुस्तकाला गिऱ्हाईक थोडं. त्यातलं बरंचसं म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं, आणि ती किंमत बघून मागे हटत नाहीत. पूर्वी जुळणीचा खर्चही मोठा असे. घातांक, त्याच्याखाली निर्देशांक, वर टोपी, आत ग्रीक अक्षर, हे खिळे जुळवणारा कारागीर वेगळाच लागायचा. ती पद्धत मागे पडून फोटोटाइपसेटिंग आलं तेव्हा संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं इतकी कुरूप वाटली, की १९७७ साली ते टेक ही जुळणीची प्रणाली लिहायला बसले. आज लेखक घरी बसून, टेकमध्ये, स्वतःच्या हाताने सगळी जुळणी करून देतो. एका खर्चाचा भार उतरला म्हणून किंमत उतरली का? उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे. उलट आपल्याकडे २०१९च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसलं. क्लास फील्ड थिअरीचा देशी उद्योग त्याने किती बहरला ते मला अजून दिसलेलं नाही.

याच्या अगदी उलट टोकाला आपले कापरेकर. देवळालीच्या शाळेत शिक्षक. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करा, आणि हेच करत राहा (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा). जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४वर येऊन थांबाल. हे सांगणाऱ्या माणसाचं बरंचसं लेखन स्वतः छापून घेतलेल्या पातळ पुस्तिकांतून लोकांपर्यंत गेलं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. छापील किंमत आणि आतल्या गणिताचा दर्जा यांचं नातं लावायला मी जाते तेव्हा कापरेकर मध्ये येतात, आणि मी तो नाद सोडते.

स्वस्त मार्ग मुंबईत नाहीत असं नाही. आमच्या पिढीचं ॲनॅलिसिस वॉल्टर रुडिन यांच्या पुस्तकाच्या भारतीय आवृत्तीवर झालं. कागद पिवळट, पण प्रमेयं तीच. असल्या आवृत्त्यांवर ठळक छापलेलं असतं, की विक्री फक्त भारत आणि शेजारच्या अमुक देशांत. या ओळीवरून अमेरिकेत मोठा खटला झाला होता. सुपाप किर्तसेंग नावाच्या थाई विद्यार्थ्याने घरच्यांकडून थायलंडमधली स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत विकली, जॉन वायली या प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचलं, आणि २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला. पुस्तक कायदेशीर विकत घेतलं की पुढे ते विकायचा हक्क घेणाऱ्याचा, मग ते छापलं कुठेही असो. दुसरीकडे दिल्लीची हिंदुस्तान बुक एजन्सी. टेरेन्स ताओ यांचं दोन भागांतलं 'ॲनॅलिसिस' २००६ साली पहिल्यांदा तिनेच काढलं. परदेशी प्रकाशक नंतर आला. फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळालेल्या माणसाचं पुस्तक भारतीय विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशा किंमतीत, आणि तेही आधी इथे. मला हे फार आवडतं, आणि अशा पुस्तकांपुढे मी विचार करत बसत नाही. उचलते.

नॉयकिर्शची मात्र स्वस्त प्रत मला सापडली नाही. किंग्ज सर्कलला गेले होते. माटुंग्याच्या त्या फुटपाथवर इंजिनिअरिंगची, सीएची, प्रवेश परीक्षांची पुस्तकं छातीएवढ्या थप्पीत उभी असतात. एका वर्षीचा विद्यार्थी विकतो, पुढच्या वर्षीचा घेतो, आणि तेच पुस्तक चार-पाच हात फिरतं. हे चक्र चालतं कारण दरवर्षी नवी गिऱ्हाइकं पक्की. बैजिक संख्यासिद्धांताला असलं चक्र नाही. विक्रेत्याला नाव सांगितलं तर त्याने मला सेमिस्टर विचारलं. क्वचित एखाद्या निवृत्त प्राध्यापकांचं घर रिकामं होतं आणि त्यांचा संग्रह रद्दीच्या वाटेने बाहेर पडतो, तेव्हा असलं काही हाती लागतं. पण त्यासाठी त्या दिवशी त्या जागी असावं लागतं. फोर्टातली स्ट्रँड २०१८ साली बंद झाली. शानभागांनी १९४८मध्ये सुरू केलेल्या त्या दुकानात वीस टक्के सूट ठरलेलीच असे, आणि सुंदराबाई हॉलमधल्या त्यांच्या प्रदर्शनातून माझी दोन-तीन गणिताची पुस्तकं आली आहेत. आता त्या जागेची हळहळ करण्यापेक्षा मी वेबसाइटवर किंमत ताजी करत बसते, जे मला स्वतःलाही शोभत नाही.

पीडीएफचं काय, असं तुम्ही विचाराल. जगातलं प्रत्येक पुस्तक कुठल्या तरी अंधाऱ्या साइटवर पडलेलं असतं, आणि मी सोवळी नाही. एमएस्सीला आम्ही अर्धी ग्रंथसंपदा स्पायरल करून घेतली होती. दिल्ली विद्यापीठाजवळच्या रामेश्वरी फोटोकॉपीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्षणासाठीच्या झेरॉक्सला बळ देणारा निकाल दिला, तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. पण तो प्रश्न वर्गासाठी काढलेल्या वाचनसंचांचा होता. पगारदार बाईने आख्खं पुस्तक फुकट उतरवून घेण्याला मी त्याचा आधार घेऊ शकत नाही. शिवाय अडचण नुसती नीतीची नाही. नॉयकिर्शसारखं पुस्तक वाचताना एक बोट चालू पानावर, दुसरं चाळीस पानं मागच्या व्याख्येवर आणि तिसरं पुढच्या उपप्रमेयात असावं लागतं. पडद्यावर माझी ही बोटं हरवतात.

उचलण्यासारखं अधिकृत फुकट साहित्यही पुष्कळ आहे, आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच शहराचा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पन्नासच्या दशकापासून जगभरचे गणिती येऊन व्याख्यानं द्यायचे. लोराँ श्वार्त्झ आले, कार्ल लुडविग झीगल आले. तिथली तरुण मंडळी टिपणं काढायची आणि ती टंकलिखित होऊन पुस्तिका व्हायच्या. त्या आज संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळतात. डेव्हिड ममफर्ड यांचं 'ॲबेलियन व्हरायटीज' हे १९७०चं पुस्तकही १९६७-६८च्या इथल्या व्याख्यानांतून आलं. ती लिहून काढण्यात सी. पी. रामानुजम यांचा हात होता. जगातल्या गणित विभागांत पूजलं जाणारं ते पुस्तक समुद्राच्या त्या टोकाला आकाराला आलं, हे ठाऊक असल्यामुळे मी नेव्हीनगरच्या बसकडे जरा आदराने बघते. याच संस्थेत नोकरीला असताना दामोदर कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. गाडीतला वेळ त्यांनी कसा वापरला असेल याची कल्पना करायला मला आवडते, कारण माझं गणितही गाडीतच होतं.

डोंबिवली ते कुर्ला. लेडीजच्या डब्यात पावणेसहाशे पानांचं पुठ्ठ्याचं पुस्तक उघडणं म्हणजे शेजारणीच्या बरगडीवर हल्ला. म्हणून मी पुस्तक नेतच नाही. आदल्या रात्री एका कागदावर प्रमेयाचं फक्त विधान उतरवते, सिद्धता नाही. ठाण्यापर्यंत ते नीट कळलं का ते तपासायचं, ठाणे ते घाटकोपर एखादं उदाहरण लावून बघायचं. पूर्णांकांत उणे पाचचं वर्गमूळ मिसळलं की ६ = २ × ३ आणि ६ = (१ + √−५)(१ − √−५), म्हणजे एकाच संख्येचे अवयव पाडण्याच्या मुळापासून वेगळ्या अशा दोन रीती; मग हे विधान इथे काय सांगतं? कुर्ल्याला उतरेपर्यंत बहुधा एवढंच कळतं, की मला कुठे कळलेलं नाही. रात्री घरी येऊन सिद्धता उघडायची. या गतीने आठवड्याला दोन-तीन पानं होतात. ती गती ठाऊक झाली, आणि विकत घ्यायच्या प्रश्नाचं रूप माझ्यापुरतं पालटलं.

कारण सध्या घरात असलेली प्रत माझी नाहीच. माझी एक मैत्रीण कॉलेजात शिकवते. तिने ती तिच्या कार्डावर काढून दिली आहे. "वर्षभर कुणी मागणार नाही," ती म्हणाली, "पण मागितलं तर दोन दिवसांत आणून द्यायचं हं, बाई." मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के इतके विरळ आहेत, की कुणी मागण्याची भीती मला फारशी वाटत नाही.

उसनी प्रत हातात असल्याने मला एक गोष्ट करता आली, जी विकत घेणाऱ्याला सहसा जमत नाही. पुस्तक प्रकरणवार तोलून बघता आलं. पहिलं प्रकरण सुरू होतं ते अगदी लोभस. ५ = १ + ४, १३ = ४ + ९, १७ = १ + १६, २९ = ४ + २५. दोन सोडला तर कोणत्या मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतात? ज्यांना चारने भागून बाकी एक उरते त्या. शाळेतल्या पोरीलाही दाखवता येईल. (दाखवलं. "बरं," म्हणाली.) तिथून लेखक हात धरून आयडियल, क्लास नंबर, युनिट असा चढत जातो. दुसरं प्रकरण व्हॅल्युएशनचं. हे सगळं सुंदर आहे, पण इतरत्रही मिळतं. जेम्स मिल्न यांच्या टिपणांत बरंचसं आहे आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. डॅनियल मार्कस यांच्या 'नंबर फील्ड्स'मध्ये तर सुरुवातीचा भाग जास्त प्रेमाने शिकवलाय आणि उदाहरणांचा पाऊस आहे. ते १९७७चं पुस्तक कित्येक वर्षं टाइपरायटरच्या अक्षरांत होतं, २०१८ साली टेकमध्ये नव्याने जुळवून निघालं. म्हणजे मी पहिल्या दोन प्रकरणांतच दमणार असेन, आणि या पुस्तकाशी पुष्कळांचा संसार तिथेच संपतो, तर दहा हजार टाकण्याचं काहीच कारण नाही.

तिसरं प्रकरण मी जाणून असते ते केवळ दहशतीने. तिथे संख्यांकडे भूमितीच्या चष्म्यातून बघायचं असतं आणि तो चष्मा माझ्या नंबरचा नाही. पण चौथं! तिथे नॉयकिर्श क्लास फील्ड थिअरीचा गाभा गटांच्या (ग्रुप थिअरीच्या) भाषेत, थोड्या गृहीतकांवर उभा करतात, कोहोमॉलॉजीचं जड सामान जमेल तितकं बाहेर ठेवून. मग पाचव्यात त्याच थिअरीचं स्थानिक रूप, सहाव्यात जागतिक, सातव्यात झीटा फलनं. चारने भागून बाकी एक, ही पहिल्या पानावरची गंमत एका मोठ्या नियमाचं लहानसं रूप आहे, आणि तो नियम सहाव्या प्रकरणापर्यंत पोचणाऱ्याच्या हाती लागतो. ही मांडणी त्यांची स्वतःची आहे. मी आजवर फुकट किंवा स्वस्तात जे चाळलं त्यात ती मला या रूपात भेटली नाही. तेव्हा माझ्यापुरतं गणित असं मांडलं, की पैसे चौथ्या प्रकरणाचे आणि त्यापुढचे. पहिली तीन वरकड.

यावर माझ्या एका वर्गमित्राचा आक्षेप आहे, आणि तो हुशार असल्यामुळे ऐकून घ्यावा लागतो. "पुस्तक घरात असलं, डोळ्यांसमोर असलं, की वाचलं जातं. पैसे गेले म्हणूनही वाचलं जातं. आधी घे." त्याच्या कपाटात अशी डोळ्यांसमोरची, स्प्रिंगरची पिवळी पुस्तकं ओळीने आहेत. मी काही बोलले नाही. पैसे गेल्याची टोचणी पहिले काही आठवडे राहते, नंतर तिच्यावर धूळ बसते. आणि ही पुस्तकं किंग्ज सर्कलवाला परत घेत नाही. एकदा घरात आली की मुलांच्या लग्नांपर्यंत मुक्काम.

माझं मत याच्या उलट झालंय. वरच्या गणिताचं महाग पुस्तक आधी वाचावं, मग विकत घ्यावं. कादंबरीच्या बाबतीत असं म्हटलं तर लोक हसतील. वाचून झाल्यावर घेऊन करायचं काय? पण गणिताच्या पुस्तकाचं पहिलं वाचन हे वाचन नसतंच. ती नुसती ओळख असते, त्यात निम्मं विश्वासावर सोडलेलं असतं. खरं वाचन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा होतं, महिन्यांच्या अंतराने, हातात पेन्सिल घेऊन, समासात "इथे का?" असं लिहीत. उसन्या प्रतीच्या समासात लिहिता येत नाही. (कुणीतरी लिहिलंय. पहिल्या प्रकरणात, निळ्या शाईत, बारीक अक्षर. चौतिसाव्या पानानंतर ती शाई दिसत नाही.) पहिली ओळख ग्रंथालयाच्या पैशाने आणि दुसरा मुक्काम आपल्या, अशी ही वाटणी. ज्या पुस्तकाकडे परत जावंसं वाटत नाही त्याला शंभर रुपयेही जास्त, आणि जिथे परत परत जावं लागतं तिथे दहा हजारांचं ओझं वर्षांवर पसरून हलकं होतं.

ही वाटणी सगळ्यांना लागू नाही, हेही खरं. जिला गावात ग्रंथालय नाही, कार्ड देणारी मैत्रीण नाही, तिने काय करावं? मुंबईत बसून हे तत्त्वज्ञान सोपं आहे. आणि विद्यार्थ्यांनी तर माझं ऐकूच नये. त्यांच्या हातात प्राध्यापक, ग्रंथालय आणि रिकाम्या दुपारी असतात, त्या पैशाने मिळत नाहीत. संशोधन करणाऱ्याला तेच पुस्तक रोज उघडावं लागतं, त्याने आज रात्रीच मागवावं.

छपाईचीही एक शंका आहे. हल्ली ही पुस्तकं मागणीनुसार एकेक प्रत छापून देतात. मी मागे असंच एक मागवलं होतं, दुसऱ्या कुणा प्रकाशकाचं. अक्षरं फिकट, निर्देशांक अंदाजाने वाचायचे, आणि सहा महिन्यांत पाठीतून पानं सुटली. ग्रंथालयातल्या प्रतीचा दोऱ्याचा बांधा अजून घट्ट आहे. दहा हजार देऊन डिंकाची प्रत आली तर मी रडेन, म्हणून आता फोर्टातल्या एका विक्रेत्याला गाठलंय. तो म्हणाला, "मॅडम, आली की बघून घ्या, बांधणी पटली नाही तर परत." वेबसाइटपेक्षा थोडं महाग पडेल.

तूर्त दुसऱ्या प्रकरणात हेन्सेलचं लेमा चालू आहे आणि ते बरं चाललंय. तिसऱ्यातून वाट काढत चौथ्यात शिरले, आणि तिथली पहिली दोन कलमं पेन्सिलीवाचून रेटवेनाशी झाली, की विक्रेत्याला फोन. युरो तोवर कुठे असेल ते असो. नवऱ्याला एवढं सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे घेणार आहेस." मी म्हटलं, चौथ्यापर्यंत पोचले तर. "मग पुढच्या वर्षीच्या बजेटात धरतो," असं म्हणून त्याने खरोखरच वहीत मांडून ठेवलंय, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या खाली.